पट्टवायांची श्रेणी : नाशिक व दशपूर येथील विणकर-संघांचे सामूहिक कार्य

प्राचीन भारताच्या आर्थिक इतिहासात 'श्रेणी' या संस्थेचा उल्लेख बहुधा व्यापारी मार्ग, नाणी आणि नगरांची वाढ यांच्या ओघात येतो. एकच व्यवसाय करणाऱ्या कारागिरांची किंवा व्यापाऱ्यांची संघटना म्हणजे श्रेणी, अशी व्याख्या देऊन पाठ्यपुस्तके पुढे सरकतात. ही व्याख्या चुकीची नाही, परंतु ती अपुरी आहे. श्रेणीतील माणसे कशासाठी एकत्र येत, एकत्र येऊन काय करीत आणि त्यांना एकत्र ठेवणारा धागा नेमका कोणता होता, हे प्रश्न त्या व्याख्येत येत नाहीत.

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास विणकरांच्या श्रेणींविषयीचे दोन शिलालेख विशेष उपयोगी पडतात. पहिला नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील प्राकृत लेख असून तो क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा आहे. दुसरा लेख संस्कृत असून तो मध्य प्रदेशातील मंदसोर, म्हणजेच प्राचीन दशपूर, येथील रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणीने कोरविला आहे. दोहोंमध्ये सुमारे साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे. एका लेखात विणकर दुसऱ्याचा पैसा सांभाळतात, दुसऱ्यात ते स्वतःचा पैसा खर्च करतात. हे दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचले असता असे दिसते की, श्रेणीचा जन्म मागाभोवती झाला असला तरी तिचे टिकणे मागावर अवलंबून नव्हते. सर्वांनी मिळून स्वीकारलेली जबाबदारी हाच तिचा खरा आधार होता.

गोवर्धनचे कोलिक-निकाय

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. त्यांपैकी एक लेख ४२ व्या वर्षाच्या वैशाख महिन्यातील आहे. हे वर्ष कोणत्या कालगणनेतील, याविषयी मतभेद आहेत. ते शक संवताचे मानल्यास इ.स. १२० हे साल येते. आपण कोरविलेल्या लेण्यात राहणाऱ्या भिक्षुसंघासाठी उषवदाताने ३००० कार्षापणांची 'अक्षयनीवी' म्हणजे कायम ठेव ठेवली. ही रक्कम गोवर्धन येथील दोन विणकर-संघांकडे दिली गेली. लेखात त्यांना 'कोलिक-निकाय' म्हटले आहे. संस्कृतातील 'कौलिक' म्हणजे विणकर. एका निकायाकडे २००० कार्षापण शेकडा एक या दराने, तर दुसऱ्याकडे १००० कार्षापण शेकडा पाऊण या दराने ठेवले होते. मुद्दल परत मागायचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यायचा, ही अट स्पष्टपणे नोंदविलेली आहे.

व्याजाची मुदत लेखात सांगितलेली नसली तरी हिशेबावरून ती काढता येते. वर्षावासासाठी लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंपैकी प्रत्येकास चीवरासाठी १२ कार्षापण द्यावेत, असे लेख सांगतो. म्हणजे वर्षाला २४० कार्षापण लागणार. २००० कार्षापणांवर दरमहा दरशेकडा एक या दराने वर्षाचे व्याज नेमके २४० होते. एक कार्षापणही कमी किंवा अधिक नाही. दुसऱ्या ठेवीचे वार्षिक व्याज ९० कार्षापण होते आणि ते 'कुशण' नावाच्या खर्चासाठी राखलेले आहे. या शब्दाच्या अर्थाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. त्याच लेण्यातील नोंदीत एका सुवर्ण नाण्याचा भाव ३५ कार्षापण असा दिला आहे. त्या हिशेबाने पहिली ठेव सुमारे ५७ सुवर्णांची होते. हातावर पोट असलेल्या विखुरलेल्या कारागिरांच्या हाती एवढी रक्कम कोणी सोपविणार नाही.

येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. ठेवीदार हा राज्यकर्त्याचा जावई आहे. राजकोश त्याच्या हाताशी होता, तरीही भिक्षूंच्या वस्त्रांची कायमची सोय करताना त्याने विणकरांवर भरवसा ठेवला. याचे कारण पुढील घटनांवरून कळू शकते. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या नाणेसंचयात नहपानाची सुमारे १३ हजार चांदीची नाणी होती आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा उमटविला होता. त्याच डोंगरावरील तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राचा १८ व्या वर्षाचा लेख आहे. त्यात तोवर उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तनांचे शेत नव्या राजाने आपल्या नावे भिक्षूंना दिल्याचे नमूद आहे. राज्य बदलले की जमिनीचा दाता बदलतो, नाण्यावरचा चेहराही बदलतो. श्रेणी मात्र कोणत्याही राजाची नसते. ती गावाची असते आणि राजा बदलला तरी तिला माग चालवावाच लागतो.

ठेव ठेवण्याची ही पद्धत विणकरांपुरती मर्यादित नव्हती. आभीर राजा ईश्वरसेन याच्या ९ व्या वर्षाच्या नाशिक येथील लेखात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कुंभार, जलयंत्रे करणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे रकमा ठेवल्याचे आढळते. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणी येतात. तथापि विणकरांच्या बाबतीत एक वेगळेपण लक्षात घेण्यासारखे आहे. चीवराचा पैसा विणकरांकडेच ठेवलेला आहे. हे वस्त्र त्याच निकायाच्या मागांवर विणले जाई, असे लेख म्हणत नाही. परंतु देणगी आणि व्यवसाय यांचा हा मेळ केवळ योगायोगाचा असेल, असे मानणेही कठीण आहे.

उषवदाताचा लेख आणखी एक तपशील देतो. हे सर्व निगमसभेत ऐकविण्यात आले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदविण्यात आले. निगमसभा ही विणकरांची सभा नव्हे, ती नगराची सभा होय. विणकरांनी स्वीकारलेली जबाबदारी त्यांच्या घरात किंवा मठाच्या आवारात न राहता सगळ्या गावासमोर जाहीर झाली आणि चुकल्यास गावाला जाब विचारता येईल, अशी व्यवस्था झाली.

एकत्र येण्याचे नियम

श्रेणीच्या बैठकीत प्रत्यक्ष काय चाले, हे शिलालेख सांगत नाहीत. त्यासाठी स्मृतिग्रंथांकडे वळावे लागते. स्मृती 'असे असावे' हे सांगतात, 'असे होते' हे नव्हे, याचे भान ठेवूनच त्यांचा उपयोग केला पाहिजे. तरीही नियम ज्या गोष्टींविषयी केले जातात, त्या गोष्टी व्यवहारात उद्भवत असाव्यात, एवढे अनुमान रास्त आहे.

समूहाने आपसांत ठरविलेल्या नियमांना स्मृतिकार 'समय' म्हणतात आणि समय मोडणे हा व्यवहारातील स्वतंत्र वादविषय मानतात. श्रेणी इत्यादींचे धर्म, त्यांचे कर्म आणि त्यांचा उपस्थानविधी, म्हणजे हजर राहण्याची रीत, राजाने मान्य करावी, असे नारदाचे म्हणणे आहे. मित्रमिश्रासारख्या उत्तरकालीन निबंधकाराने या उपस्थानाचा संबंध वाद्याचा ध्वनी ऐकून समूहकार्यासाठी जमण्याशी जोडला आहे. कात्यायनाच्या नावावरील एक वचन तर सभेच्या शिस्तीचेच आहे. युक्तीला धरून बोलणाऱ्याचे बोलणे हाणून पाडणारा, बोलणाऱ्यास अवसर न देणारा आणि अयुक्त बोलणारा, या तिघांनाही त्याने प्रथम साहस दंड सांगितला आहे. कोणत्याही समितीवर काम केलेल्या वाचकास या वचनाची उपयुक्तता समजावून सांगण्याची गरज नाही.

बृहस्पतिस्मृती आज स्वतंत्र ग्रंथ म्हणून उपलब्ध नाही. नंतरच्या निबंधग्रंथांतील अवतरणांवरून ती जुळविली गेली आहे. या विषयावर सर्वांत तपशीलवार वचने मात्र तिच्याच नावावर आहेत. काम सुरू करण्यापूर्वी परस्परांविषयी विश्वास उत्पन्न करावा आणि त्यासाठी कोश नावाचे दिव्य, लेखपत्र किंवा मध्यस्थ यांचा अवलंब करावा. समूहाचे हित पाहण्यासाठी दोन, तीन किंवा पाच जण नेमावेत. यापुढचे वचन प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. सभागृह, पाणपोई, देवालय, तळे आणि बाग यांची कामे, तसेच अनाथ आणि दरिद्री लोकांचे साह्य, आपण आपापल्या अंशाप्रमाणे करू, असा करार लेखी केला असता तो धर्म्य समजावा, असे बृहस्पती सांगतो.

या यादीत कापड नाही, सूत नाही, मालाचा भाव नाही. श्रेणीचा सामूहिक करार म्हणून शास्त्रकारास जी कामे आठवली, ती सगळी व्यवसायाबाहेरची आहेत. आधुनिक अभ्यासकांनी, अगदी रमेशचंद्र मजुमदारांच्या प्राचीन भारतातील सामूहिक जीवनावरील ग्रंथापासून, या वचनांची नोंद घेतली आहे. परंतु ती बहुधा श्रेणीच्या 'इतर' किंवा 'धार्मिक' कार्यांच्या सदरात पडते. तिला गौण सदरात टाकणे योग्य नाही. माल एकेकट्याने विणता येतो, तळे एकट्याने खोदता येत नाही. श्रेणीची श्रेणी म्हणून कसोटी लागे ती अशाच कामांत.

पैशाच्या व्यवहारात शास्त्रकार कठोर होते. समूहाच्या कामासाठी पाठविलेल्या माणसाला जे मिळेल, ते त्याने समूहाच्या स्वाधीन करावे. आपणहून न दिल्यास त्याच्याकडून अकरापट वसूल करावे, असे याज्ञवल्क्य म्हणतो. गणाचे द्रव्य हरण करणाऱ्यास आणि करार मोडणाऱ्यास त्याने सर्वस्वहरण व हद्दपारीची शिक्षा सांगितली आहे. गोवर्धनच्या विणकरांवर ३००० कार्षापण सोपविणाऱ्याला ज्या भरवशाची आवश्यकता होती, तो अशाच नियमांच्या धाकातून आणि सवयीतून आला असावा.

दशपूरचे पट्टवाय

मंदसोरचा लेख शिवना नदीच्या घाटावरील भिंतीत बसविलेल्या शिळेवर आढळला आणि फ्लीट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो प्रसिद्ध केला. ४४ श्लोकांची ही रचना वत्सभट्टी नावाच्या कवीची आहे. तिच्यात सांगितलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. लाट देशातून, म्हणजे आजच्या दक्षिण व मध्य गुजरातेतून, रेशीम विणणारे कारागीर दशपुरास आले. तेथील राजांचे गुण ऐकून ते आधी मनाने आले आणि मग प्रवासाचे कष्ट न मोजता मुलाबाळांसह व आप्तांसह शरीराने आले, असे कवी म्हणतो. पुढे कुमारगुप्ताच्या साम्राज्यात बंधुवर्मा दशपुरावर राज्य करीत असताना या 'पट्टवायां'नी, म्हणजे रेशीम विणणाऱ्यांनी, आपल्या शिल्पातून मिळविलेल्या धनाने सूर्याचे भव्य मंदिर बांधले. मालवगणाच्या ४९३ व्या वर्षी, इ.स. ४३६-३७ च्या सुमारास, पौष शुद्ध त्रयोदशीस त्याची प्रतिष्ठापना झाली. पुष्कळ काळ लोटला, इतर राजे होऊन गेले आणि मंदिराचा एक भाग ढासळला. तेव्हा त्याच श्रेणीने मालव वर्ष ५२९ मध्ये, इ.स. ४७२-७३ च्या सुमारास, फाल्गुन शुद्ध द्वितीयेस जीर्णोद्धार पूर्ण केला. श्रेणीच्या आदेशावरून हे काम झाले, असे लेखाच्या शेवटी सांगितले आहे.

या दोन तिथींमध्ये छत्तीस वर्षे आहेत. मंदिर बांधण्याचा निर्णय घेणाऱ्यांपैकी बरेच जण दुरुस्तीच्या वेळी हयात नसतील. हूणांच्या स्वाऱ्यांनी गुप्त साम्राज्य याच काळात खिळखिळे झाले. लेखात बांधकामाच्या वेळचा सम्राट नावानिशी येतो, दुरुस्तीच्या वेळचा मात्र येत नाही. ए. एल. बॅशम यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या शिलालेखाचा स्वतंत्र विचार केला आहे. राजांची ओळ तुटली तरी श्रेणीची ओळ तुटली नाही, हे या मौनामुळे अधिकच उठून दिसते.

लेखातील सर्वाधिक चर्चिला गेलेला भाग म्हणजे दशपुरात स्थिरावल्यानंतरच्या विणकरांचे वर्णन. कोणी संगीताच्या नादी लागले, कोणी सुरस कथा सांगण्यात रमले, कोणी विनयाने धर्मचर्चेत गढले, कोणी ज्योतिष आत्मसात केले, तर कोणी रणात शूर ठरले आणि आजही शत्रूंचा नाश करतात, असे कवी सांगतो. या श्लोकांवरून काही इतिहासकारांनी, विशेषतः रामशरण शर्मा यांनी, असा निष्कर्ष काढला की रेशमाच्या दूर पल्ल्याच्या व्यापाराला उतरती कळा लागल्याने कारागिरांना आधी गाव आणि मग धंदा सोडावा लागला. नगरांच्या ऱ्हासाच्या सिद्धांतात हा लेख महत्त्वाचा पुरावा ठरला.

हा अर्थ संपूर्णपणे स्वीकारणे अवघड आहे. त्याच वर्णनात काही जण 'आपल्या कर्मात' श्रेष्ठ होते, असेही म्हटले आहे आणि तेथे स्वकर्म म्हणजे विणकामच अभिप्रेत दिसते. शिवाय या श्लोकांच्या लगेच पुढे रेशमी वस्त्राची उघड प्रशंसा येते. तारुण्य आणि सौंदर्य असलेली, सोन्याचे हार, तांबूल आणि फुले यांनी सजलेली स्त्रीदेखील रेशमी वस्त्रांची जोडी नेसल्यावाचून प्रियाच्या भेटीस जात नाही, असा त्याचा आशय आहे. ज्यांनी माग मोडीत काढले, ते आपल्या मालाची अशी जाहिरात दगडावर कोरून घेणार नाहीत. दुसऱ्या बाजूने, हे सारे केवळ काव्यालंकार म्हणून सोडून देणेही बरोबर नाही. काही जण विणकामातून बाहेर पडले होते, एवढे लेखावरून निश्चित मानता येते.

प्रश्न असा की, जो ज्योतिषी झाला, जो सैनिक झाला, तो या लेखात का आहे? श्रेणी म्हणजे केवळ समव्यवसायींची संघटना असती, तर धंदा सोडताच त्याचे सदस्यत्व संपले असते आणि त्याचे वर्णन करण्याचे कवीला प्रयोजन उरले नसते. वत्सभट्टीने मात्र वीणेत रमलेल्याला, तलवार धरलेल्याला आणि माग चालविणाऱ्याला एकाच ओळीत बसविले. त्यांना जोडणारी दृश्य गोष्ट एकच होती, ती म्हणजे सर्वांच्या धनाने उभे राहिलेले आणि सर्वांनी पुन्हा सावरलेले मंदिर. रक्ताचे नाते आणि लाट देशाची आठवण यांचाही त्यात वाटा होता. तथापि लेख कोरविण्याचा प्रसंग नात्याचा नव्हता, तो कामाचा होता.

याला त्याच काळातील एका ताम्रपटाचा आधार मिळतो. उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यातील इंदोर, म्हणजे प्राचीन इंद्रपूर, येथील हा ताम्रपट स्कंदगुप्ताच्या कारकिर्दीतील गुप्त वर्ष १४६ चा, म्हणजे इ.स. ४६५-६६ चा आहे. सूर्यमंदिरातील दिव्याला रोज तेल पुरविण्यासाठी जीवंत नावाच्या प्रमुखाच्या तेली श्रेणीकडे तेथे कायम ठेव ठेवलेली आहे. श्रेणीने हे गाव सोडून दुसरीकडे वस्ती केली तरी तिची एकजूट कायम असेपर्यंत ही जबाबदारी तिच्यावर राहील, असे त्यात नमूद आहे. श्रेणी स्थलांतर करू शकते, हे ठेवीदाराने गृहीत धरले होते. त्याला चिंता गावाची नव्हती, एकजुटीची होती. लाटहून दशपुरास आलेल्या पट्टवायांची कहाणी या अटीच्या प्रकाशात वाचली असता स्थलांतर म्हणजे विघटन हे समीकरण टिकत नाही.

मदुराई परिसरातील सौराष्ट्र समाज, ज्याला पट्टणूलकार असेही म्हणतात, आपला पूर्वेतिहास या लाटच्या विणकरांशी जोडतो. हा दुवा पुराव्याने सिद्ध करणे कठीण आहे. त्याचप्रमाणे गोवर्धनच्या कोलिकांपासून येवल्याच्या पैठणी विणकरांपर्यंत सरळ रेघ ओढण्याचा मोहही टाळलेला बरा.

सूत कोणी कातले?

मंदसोरच्या लेखातील विणकामाशी संबंधित स्त्री एकच आहे आणि ती रेशीम नेसणारी आहे. विणकर कुटुंबांतील स्त्रियांविषयी लेख बोलत नाही. लाटहून मुलाबाळांसह आलेल्यांत त्या होत्याच. नाशिकच्या निकायांच्या बाबतीतही हीच स्थिती आहे. मागावर चढणारे सूत आधी कोणाच्या तरी हातून जाते आणि ते हात बहुधा स्त्रियांचे असत. त्यांच्याविषयी कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सूत्राध्यक्षाच्या प्रकरणात माहिती मिळते. विधवा, अपंग स्त्रिया, कुमारी, संन्यासिनी, दंड फेडणाऱ्या स्त्रिया, वृद्ध गणिका आणि राजदासी यांच्याकडून लोकर, कापूस, ताग इत्यादींचे सूत काढून घ्यावे, असे तेथे म्हटले आहे.

या स्त्रियांची श्रेणी नव्हती. त्यांना समय नव्हता, कार्यचिंतक नव्हते, त्यांच्या नावे कोणी ठेव ठेवीत नसे. त्यांच्यावर सरकारी अधिकारी होता. घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांना दासींमार्फत काम पोचविले जाई. ज्या स्वतः सूत्रशाळेत येत, त्या पहाटे येत आणि सूत देऊन मोबदला घेत. तेथे दिवा केवळ सूत तपासण्यापुरता असावा, स्त्रीचे मुख न्याहाळणाऱ्या किंवा कामाखेरीज दुसरे काही बोलणाऱ्या अधिकाऱ्यास प्रथम साहस दंड व्हावा आणि वेतन देण्यास उशीर झाल्यास मध्यम साहस दंड व्हावा, असे कौटिल्य सांगतो. दोन्ही दंडांत वेतनाच्या विलंबाचा दंड मोठा आहे.